खबरी ठरवले कोणी?

8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री पुण्यात द्रविड बंधूंच्या घरी निरोप आला. पोलीस अधिकारी ब्रुइन साहेबांनी बोलावले आहे, असा. गणेश आणि रामचंद्र हे दोघे भाऊ बाहेर पडले. निरोप खोटा होता. वाटेतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारे होते वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे. 22 जून 1897 ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर हल्ला झाला, त्याचा माग द्रविडांनी पोलिसांना दिला होता. सरकारने 20 हजारांचे इनाम लावले होते. त्या खबरीवरून दामोदर चापेकर पकडले गेले आणि एप्रिल 1898 मध्ये फासावर चढले. मे 1899 मध्ये वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण चापेकर यांनाही एकामागोमाग फाशी झाली.

रँडचा वध शाळेच्या पुस्तकात आहे. त्या हल्ल्याच्या तारखेच्या नावाचा नावाजलेला मराठी चित्रपटही आहे. द्रविडांचा उल्लेख येतो तो दोन ओळींत, आणि कोणाला तो कमी वाटत नाही. फितूर म्हटले की आपल्याकडे खटला तिथेच संपतो.

क्रांतिकारी हिंसेच्या नैतिकतेवर शंभर वर्षे वाद चालू आहे, पण तो बहुतेक वेळा रँडभोवती फिरतो. जुलमी अधिकाऱ्याला मारावे की नाही, सत्ता कानावर हात ठेवून बसली तर शस्त्र उचलावे की नाही, गांधी बरोबर की भगतसिंग. हे प्रश्न मोठे आहेत, पण त्यातल्या त्यात सोपे आहेत, कारण समोरचा गणवेशात असतो. चळवळीची खरी परीक्षा आपल्यातल्याच माणसावर संशय येतो तेव्हा लागते. त्याच्या हाती बंदूक नसते, त्याच्या मागे सरकार उभे राहत नाही, आणि त्याचा गुन्हा खरा की खोटा हे तपासायला गुप्त संघटनेकडे सवड नसते, सोयही नसते.

द्रविडांनी खबर दिली होती, यात शंका नाही. पण जगभरच्या चळवळींत अशा आरोपाखाली मारल्या गेलेल्यांचा इतिहास पाहिला, तर इतके निःसंशय प्रकरण विरळाच. मॉस्कोत 1869 च्या नोव्हेंबरात सेर्गेई नेचायेव या तरुण क्रांतिकारकाने इवानोव नावाच्या विद्यार्थ्याला साथीदारांकरवी एका बागेत बोलावून ठार केले. हा पोलिसांना सगळे सांगणार, असे कारण साथीदारांना दिले गेले. इवानोवचा अपराध एवढाच, की त्याने नेचायेवच्या हुकमावर प्रश्न विचारले होते. दस्तयेव्हस्कीने याच प्रकरणावरून कादंबरी रचली, म्हणून ते जगाला ठाऊक झाले. एरवी इवानोव कोणाच्या लक्षात राहिला असता?

हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशनने निदान एक गोष्ट पाळली. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरात मारायचे होते पोलीस अधिकारी स्कॉटला, ओळख चुकली आणि मेला साँडर्स. पहिली गोळी खेडच्या राजगुरूंची. पाठलाग करणारा हवालदार चननसिंग चंद्रशेखर आझादांच्या गोळीने पडला. नंतर भिंतींवर चिकटवलेल्या पत्रकात संघटनेने कृत्याची जबाबदारी घेतली आणि माणूस मारावा लागल्याची खंतही व्यक्त केली. पुढे असेंब्लीत बॉम्ब फेकून भगतसिंग पळाले नाहीत, तिथेच उभे राहिले. आपण केले ते उघड सांगायचे आणि त्याची किंमत स्वतः मोजायची, ही त्यांची रीत होती. चननसिंगच्या घरच्यांचे त्याने समाधान झाले असेल असे नाही. पण हिशेब द्यावा लागतो, एवढी जाण त्या तरुणांना होती. ती पुष्कळ मोठ्या, पुष्कळ जास्त काळ चाललेल्या चळवळींना राहिलेली दिसत नाही.

याचा सर्वांत उघडा दाखला दक्षिण आफ्रिकेचा. तिथल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने शस्त्र घेतले ते पन्नास वर्षे अर्ज, निदर्शने आणि सत्याग्रह करून झाल्यावर. 21 मार्च 1960 ला शार्पव्हिल इथे पोलिसांनी 69 माणसे मारली, संघटनेवर बंदी आली आणि 16 डिसेंबर 1961 ला तिच्या सशस्त्र शाखेने पहिले स्फोट घडवले. 1964 मध्ये नेल्सन मंडेलांनी न्यायालयात सांगितले की, त्यांच्यापुढे चार वाटा होत्या: घातपात, गनिमी युद्ध, दहशतवाद आणि उघड क्रांती. त्यांनी पहिली निवडली, कारण विजेचे मनोरे पाडताना माणूस मरत नाही आणि पुढे याच गोऱ्यांबरोबर एका देशात राहायचे आहे. हिंसेआधी इतका विचार केलेली चळवळ शोधून सापडणार नाही. 1980 मध्ये तिने युद्धाचे जिनिव्हा नियम पाळण्याची घोषणाही केली.

आणि तरीही 1985 चे डुडुझा घडले.

जोहान्सबर्गच्या पूर्वेकडच्या या काळ्यांच्या वस्तीत त्या जूनमध्ये काही तरुण कार्यकर्त्यांना हातबॉम्ब देण्यात आले. देणारा स्वतःला सशस्त्र शाखेचा माणूस म्हणवत होता. प्रत्यक्षात तो सुरक्षा पोलिसांचा हस्तक होता आणि बॉम्ब असे बनवले होते की पिन काढताच हातात फुटावेत. डुडुझा आणि शेजारच्या वस्त्यांत मिळून आठ तरुण गेले. वस्ती संतापाने पेटली. त्या हस्तकाशी जिचे संबंध आहेत अशी कुजबुज होती, ती एक तरुण आई जुलैत अंत्ययात्रेला आली. आपण निर्दोष आहोत, हे लोकांना दिसावे म्हणून ती आली होती. जमावाने तिला कॅमेऱ्यांसमोर मारले आणि जाळले. गोऱ्या सरकारने ती दृश्ये टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवली, कारण त्याला हवे ते आयते मिळाले होते. बारा वर्षांनी सत्यशोधन आणि समेट आयोगासमोर हे प्रकरण आले, तेव्हा ती खबरी नव्हती असे निष्पन्न झाले.

सापळा रचला पोलिसांनी, जीव गेले चळवळीच्या पोरांचे, आणि संताप निघाला वस्तीतल्याच एका बाईवर. खबरी मारण्याच्या राजकारणात हे वारंवार होते. शत्रूपर्यंत हात पोचत नाही, शेजारी मात्र हाताशी असतो.

त्याच डुडुझात काही दिवस आधी बिशप डेस्मंड टुटू यांनी अशाच एका संशयिताला जमावाच्या तावडीतून ओढून काढले होते. या बाईच्या हत्येनंतर, पुन्हा असे झाले तर देश सोडून जाईन, असे त्यांनी सुनावले. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. पेट्रोल भरलेला टायर गळ्यात घालून पेटवण्याची पद्धत वस्त्यावस्त्यांत पसरली. 1986 च्या एप्रिलमध्ये विनी मंडेलांनी जाहीर सभेत आगकाड्या आणि ते टायर यांच्या जोरावर देश मुक्त करण्याची भाषा केली. 1988 च्या अखेरीस त्यांच्या अंगरक्षकांनी 14 वर्षांच्या एका मुलाला खबरी ठरवून पळवले आणि तो मेला. संघटनेच्या अंगोलातल्या छावण्यांत तर संशयितांसाठी वेगळा तुरुंगच होता. छळ झाले, देहदंड झाले.

पण या कथेचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे तोच सहसा सांगितला जात नाही. छावण्यांतल्या छळाची चौकशी संघटनेने स्वतः नेमली, एकदा नव्हे दोनदा, 1992 मध्ये आणि 1993 मध्ये, म्हणजे सत्तेवर येण्याच्या आधी. दोन्ही अहवाल प्रतिकूल आले आणि ते प्रसिद्ध झाले. नंतरच्या सत्य आयोगाने माफीची अट घातली ती अशी: कृत्य राजकीय असले पाहिजे आणि अर्जदाराने सगळे खरे सांगितले पाहिजे. सात हजारांहून अधिक अर्ज आले, माफी मिळाली 849 जणांना. वर्णद्वेषी राजवटीचे पोलीस आणि तिच्याशी लढणारे एकाच खुर्चीवर बसून बोलले. दोघांचे ध्येय सारखे होते असे आयोगाने म्हटले नाही. वर्णद्वेषाविरुद्धचा लढा न्याय्यच होता, पण न्याय्य लढ्यातही अन्याय्य कृत्ये झाली, असे त्याने नोंदवले. ते मंडेलांच्या पक्षालाही झोंबले. ऑक्टोबर 1998 मध्ये अहवाल रोखायला पक्ष न्यायालयात गेला आणि हरला. आयोगाचे अध्यक्ष टुटू खवळले होते, आणि ते योग्यच होते.

आता साताऱ्याकडे. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारने कृष्णाकाठच्या शेकडो गावांत इंग्रजांचा अंमल जवळजवळ नावापुरता उरवला होता. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, प्रति सरकारच्या सशस्त्र दलाचे, म्हणजे तुफान सेनेचे, कॅप्टन भाऊ ही नावे आजही कुंडल-वाळव्याच्या पारावर घेतली जातात. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली गेली. त्याला लूट म्हटलेले कॅप्टन भाऊंना शंभरीच्या उंबरठ्यावरही खपत नसे. लोकांचा पैसा लोकांकडे आणला, असे ते ठासून सांगत.

प्रति सरकारकडेही खबऱ्यांचा प्रश्न होता. पोलिसांनी गावगुंडांना हाताशी धरले होते, आणि गुंड भूमिगतांचा ठावठिकाणा सांगून त्या बदल्यात गावाला लुटायला मोकळे होते. तुफान सेनेची शिक्षा प्रसिद्ध आहे: तळपायांवर फटके. सावकार, बायकांवर हात टाकणारे, दारूचे गुत्तेवाले आणि पोलिसांचे हस्तक, सगळ्यांना तीच. ती क्रूर होती, हे कबूल करायला हवे. आरोप करणारे, निवाडा देणारे आणि फटके मारणारे एकाच गोटातले असत. अपील कुठे करणार? काही माणसे जिवानिशीही गेली. तेव्हा साताऱ्याचे चित्र सोवळे रंगवण्यात अर्थ नाही.

तरी साताऱ्यात दोन गोष्टी होत्या. एक, न्यायदान मंडळे. तंटा गावापुढे येई, दोन्ही बाजू बोलत, आणि कोणाला कशासाठी शिक्षा झाली ते गावाला ठाऊक असे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. हे नेते त्याच गावांचे होते आणि 1946 मध्ये भूमिगत बाहेर आले तेव्हा त्याच गावांत राहिले. ज्याच्या तळपायांवर फटके बसले तो बाजारच्या दिवशी समोरून येणार, त्याचा भाऊ सोसायटीच्या निवडणुकीत मत देणार, त्याचा ऊस कारखान्याला येणार. नायकवडींनी वाळव्याला साखर कारखाना उभा केला, लाडांनी कुंडलला. नाना पाटील 1957 मध्ये साताऱ्यातून आणि 1967 मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. म्हणजे मतं मागायला दारोदार फिरले. पुढची साठ वर्षे शेजारी म्हणून तोंड दाखवायचे आहे, याचा वचक बंदुकीवर असतो. हे सगळे तीन वर्षांत संपले, हेही साताऱ्याचे भाग्य. भूमिगत आयुष्य तीस वर्षे लांबले असते तर तुफान सेनाही तीच राहिली असती, याची हमी कोणी देऊ नये.

गडचिरोलीत ते लांबले. पंचेचाळीस वर्षे.

1980 च्या सुमारास गोदावरीपलीकडून नक्षलवाद्यांची पहिली दले आली, तेव्हा तिथल्या माडिया-गोंडांना वनरक्षकाची लाथ, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचा कवडीमोल भाव आणि पटवाऱ्याची हाव हेच सरकार माहीत होते. दलांनी तेंदूपत्त्याचा दर वाढवून घेतला, वनखात्याची लाचखोरी मोडली. हे पोलीस अधिकारीही खासगीत मान्य करतात. सत्तेचे सगळे रस्ते बंद असताना बेकायदा मार्गाला काही समर्थन असू शकते, असे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतल्या भाषणात मान्य केले होते. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर मात्र रक्तरंजित मार्ग सोडलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. गडचिरोलीत 1980 साली ते मार्ग कागदावर खुले होते आणि जंगलात बंद होते. त्यामुळे पहिल्या बंदुकीबद्दल वाद घालता येईल, दोन्ही बाजूंनी.

नंतरच्या बंदुकीबद्दल तसा वाद उरत नाही. पोलिसांची सी-60 पथके आली, चकमकी वाढल्या, दले गावात रात्रीपुरती येऊ लागली आणि संशय वाढला. कोणी तालुक्याला वरचेवर जातो. कोणाचा मुलगा पोलीस भरतीला गेला. कोणी रस्त्याच्या कामावर मजुरी केली. कोणाचे गावपाटलाशी भांडण होते आणि पाटील दलाच्या जवळचा होता. मग एका रात्री दार वाजते आणि सकाळी रस्त्यावर प्रेत सापडते, शेजारी पत्रक: हा पोलिसांचा खबरी होता. काही वेळा जनअदालत भरवली गेली, पण बंदूकधारी भोवती उभे असताना गावकऱ्याने कोणाची बाजू घ्यावी? शेकडो गावकरी असे गेले, आणि त्यांत बहुसंख्य आदिवासीच, म्हणजे ज्यांच्या मुक्तीसाठी हे चालले होते तेच. निकाल देणारे कमांडर पुष्कळदा दुसऱ्या राज्यातले, दुसऱ्या भाषेचे. सकाळी त्यांना त्या गावात राहायचे नव्हते.

सरकारची बाजू काही धुतल्या तांदळासारखी नाही. खबरी हा माणूस मुळात सरकार घडवते. दुष्काळी गावातल्या पोराला चार पैसे द्यायचे, त्याला उघडा पाडायचा आणि तो मेल्यावर शोकसंदेश काढायचा, हा धंदा दोन्ही बाजूंच्या संमतीने चालतो. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर शिकले-न शिकलेले आदिवासी तरुण तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस म्हणून बंदुकीसह पुढे ढकलले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 ला ते घटनाबाह्य ठरवले. जून 2012 मध्ये बिजापूरच्या सारकेगुडात 17 जण नक्षलवादी म्हणून मारले गेले. ते नक्षलवादी होते याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष न्यायालयीन चौकशी आयोगाने काढला, पण अहवाल यायला 2019 उजाडले. एका बाजूचा शिक्का ‘खबरी’, दुसऱ्या बाजूचा ‘नक्षली’. मारल्यानंतर तो लावायला दोघांनाही फार वेळ लागत नाही.

आणि या दोन बंदुकांच्या मधोमध, त्याच जिल्ह्यात, मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली 1800 हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. तिथे ग्रामसभेचा निर्णय सर्वानुमते होतो. एकाचाही विरोध असला तर चर्चा चालू राहते. हे फार संथ काम आहे, आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला जमले असेही नाही. पण तेंदूपत्ता आणि बांबू यांवरचा अधिकार, ज्यासाठी दले जंगलात उतरली असे सांगितले जाई, तो अखेर गावांना मिळू लागला तो या वाटेने.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवाद्यांच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक, मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती, साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत शस्त्रे ठेवली गेली, हातात संविधानाच्या प्रती दिल्या गेल्या, छायाचित्रे निघाली. बातम्यांत बंदुकांची यादी होती, कोणाच्या डोक्यावर किती लाखांचे इनाम होते ते होते. 2005 पासून चालू असलेल्या आत्मसमर्पण योजनेत हुद्द्याप्रमाणे रक्कम ठरते. शस्त्र ठेवणाऱ्याला परत जगू द्यावे, हे योग्यच आहे; त्याशिवाय कोणी बाहेर येणार नाही. पण या सगळ्या देवघेवीत एक प्रश्न अधिकृतपणे कोणी विचारलेला दिसला नाही: ज्यांना खबरी म्हणून मारले, त्यांच्याबद्दलचे निर्णय कोणी घेतले, कशाच्या आधारावर घेतले, आणि त्यांतले किती चुकीचे होते?

आज हा प्रश्न विचारता येतो, कारण उत्तर माहीत असणारे जिवंत आहेत आणि सरकारच्या ताब्यात किंवा पुनर्वसन वसाहतीत आहेत. दहा-पंधरा वर्षांनी ते नसतील. दक्षिण आफ्रिकेने माफी आणि सत्य यांची सांगड घातली, तशी आत्मसमर्पण आणि सत्य यांची घालता येईल. पुनर्वसनाचा लाभ घेणाऱ्या विभागीय समितीच्या स्तरावरील माओवादी नेत्यांनी आपल्या भागातल्या प्रत्येक ‘खबरी’ हत्येबद्दल लेखी निवेदन द्यावे, ते खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरले जाणार नाही अशी कायदेशीर तरतूद करावी, आणि खोटे सांगितले तर लाभ रद्द व्हावा. सुनावणी मुंबई-नागपुरात नको. एटापल्ली, भामरागड, धानोरा अशा ठिकाणी, माडिया आणि गोंडीत, ग्रामसभांसमोर व्हावी. निवृत्त न्यायाधीश आणि आदिवासी समाजातील माणसे मिळून ती चालवू शकतील. पोलीस चकमकीत मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची प्रकरणेही तिथेच यावीत, नाहीतर लोक याला सरकारी प्रचार समजतील आणि ते समजणे चूक ठरणार नाही.

यावर पोलीस खात्याचा आक्षेप ठरलेला आहे: खबऱ्यांची नावे उघड करता येत नाहीत. जिवंत माणसाच्या बाबतीत तो रास्त आहे. पण मारला गेलेला माणूस खबरी होता की नव्हता, हे निश्चितपणे सांगू शकणारी एकच नोंद राज्यात आहे, आणि ती पोलिसांच्या गुप्त निधीच्या वहीत आहे. ज्यांचे नाव त्या वहीत कधीच नव्हते, त्यांच्या कुटुंबांना तसे शिक्क्यानिशी लिहून देण्यात कोणती गुप्तता मोडते? ज्यांचे नाव होते, त्यांच्या बायकामुलांना खात्याने पुढे काय दिले, हेही मग सांगावे लागेल, आणि आक्षेपाचे खरे कारण बहुधा तिथे असावे. गृहखाते मुख्यमंत्र्यांकडेच आहे आणि गडचिरोलीचे पालकमंत्रीपदही त्यांनी स्वतःकडे ठेवले आहे, तेव्हा ही वही मागवायला दुसऱ्या कोणाची परवानगी लागणार नाही.